लोकरी अंतर्वस्त्र आणि घामाची दुर्गंधी

दख्खनच्या पठारावर लोकर म्हटली की घोंगडी डोळ्यांपुढे येते. थंडी आणि पाऊस यांपासून रक्षण करणे एवढाच लोकरीचा उपयोग, असे सामान्यतः समजले जाते. परंतु बारीक लोकरीचा एक महत्त्वाचा भाग आज पांघरण्याच्या वस्त्रांत न जाता अंगालगत घालावयाच्या पातळ सदऱ्यांत व विजारींत जातो. अशी अंतर्वस्त्रे विकत घेणाऱ्यांत बर्फावरून घसरत जाण्याचा जो खेळ आहे, म्हणजे स्कीइंग, तो खेळणारे लोक पुष्कळ आहेत. या वस्त्रांस ते अधिक किंमत देतात याचे एक कारण ऊब हे आहेच. दुसरे कारण असे की, तोच सदरा घामाने भिजत अनेक दिवस वापरला तरी त्यास कृत्रिम धाग्याच्या सदऱ्याइतकी दुर्गंधी येत नाही. हा गुण लोकरीत कोठून येतो, त्याच्या मर्यादा कोणत्या आणि महाराष्ट्रातील मेंढपाळास त्यापासून काय शिकता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

स्कीइंग करणाऱ्यांची अडचण

स्की म्हणजे पायास बांधावयाच्या लांब, अरुंद व पुढे वर वळलेल्या पट्ट्या. नॉर्वेसारख्या देशात हिवाळ्यात या पट्ट्यांवरून दिवसभर प्रवास करण्याची जुनी पद्धत आहे. चढावर चालताना माणसास भर हिमातही भरपूर घाम येतो. थोड्याच वेळाने उतार लागतो, अंगावर बोचरा वारा येतो आणि घामाने भिजलेला कपडा शरीराची उष्णता झपाट्याने काढून घेतो. यास्तव हे लोक कपड्यांचे तीन थर वापरतात. अंगालगत पातळ अंतर्वस्त्र, त्यावर उबेसाठी जाड वस्त्र आणि सर्वांत बाहेर वारा व हिम अडविणारा अंगरखा, असा हा क्रम असतो.

सुती गंजीफ्रॉक अंतर्वस्त्र म्हणून येथे निरुपयोगी ठरतो. सूत पाणी पिऊन जड होते, अंगास चिकटते व उशिरा वाळते. म्हणून १९७० नंतरच्या काळात पॉलिप्रॉपिलीन व पॉलिएस्टर या कृत्रिम धाग्यांची अंतर्वस्त्रे पुष्कळ प्रचारात आली. ती हलकी असतात व लवकर वाळतात. तथापि एक-दोन दिवसांच्या वापरानंतर त्यांस जी दुर्गंधी येते ती धुऊनही पुरती जात नाही, अशी तक्रार सर्वत्र ऐकू येऊ लागली.

ज्यास रोज घरी परतावयाचे आहे त्याला ही तक्रार किरकोळ वाटेल. परंतु नॉर्वेत १८६८ साली स्थापन झालेल्या पर्यटक संघटनेच्या डोंगरांतील झोपड्यांतून मुक्काम करीत लोक अनेक दिवस प्रवास करतात. सर्व सामान पाठीवर असते, कपडे मोजके असतात आणि रात्री एकाच खोलीत अनेकांस झोपावयाचे असते. आपल्या देशातही हिमालयातील उंच चौक्यांवरील जवानांस दीर्घकाळ स्नान व कपडे धुणे शक्य नसते. गुलमर्ग येथे १९४८ पासून सैन्याची पर्वतीय युद्धाचे शिक्षण देणारी संस्था असून तेथे जवानांस स्कीइंग शिकविले जाते. अशा ठिकाणी बदलण्यास दुसरा सदरा नसणे ही नित्याची गोष्ट आहे.

दुर्गंधी कशी उत्पन्न होते

ताज्या घामास स्वतःचा वास जवळजवळ नसतो. घाम मुख्यतः पाणी व थोडे क्षार यांचा बनलेला असतो. काखेसारख्या भागांतील ग्रंथींतून मात्र पाण्याबरोबर स्निग्ध व प्रथिनयुक्त द्रव्येही थोड्या प्रमाणात बाहेर पडतात. त्वचेवर नित्य वास करणारे सूक्ष्म जंतू या द्रव्यांवर जगतात व त्यांचे विघटन करतात. त्या विघटनातून काही तीव्र वासाची आम्ले व गंधकयुक्त संयुगे तयार होतात. ही द्रव्ये सहज उडून हवेत मिसळतात व नाकापर्यंत पोहोचतात. यासच आपण घामाची दुर्गंधी म्हणतो.

यावरून दुर्गंधीस तीन गोष्टी लागतात हे दिसून येईल. पहिली, जंतूंना लागणारे खाद्य. दुसरी, स्वतः जंतू. आणि तिसरी, उत्पन्न झालेली द्रव्ये हवेत उडून येणे. लोकरीचे वैशिष्ट्य प्रामुख्याने या तिसऱ्या पायरीशी निगडित आहे.

लोकरीच्या तंतूची रचना

लोकर ही केस, नखे व शिंगे यांप्रमाणेच केराटिन नावाच्या प्रथिनाची बनलेली असते. तंतूचा बाहेरचा थर एकावर एक चढलेल्या सूक्ष्म खवल्यांचा असतो. घरावरील कौले जशी एकमेकांवर येतात तशी त्यांची मांडणी असते. खवल्यांच्या पृष्ठभागावर अत्यंत पातळ असा स्निग्ध थर असतो. त्यामुळे पाण्याचा थेंब लोकरीवर लगेच न मुरता काही काळ वर राहतो. पावसाचे पहिले थेंब घोंगडीवरून निथळतात त्याचे हे एक कारण आहे. चिंचोक्याच्या खळीने येणारा घट्टपणा त्यास साहाय्य करतो.

खवल्यांच्या आत तंतूचा गाभा असतो आणि त्याचा स्वभाव नेमका उलट आहे. बाहेरचा भाग पाण्याचा थेंब दूर ठेवतो, तर गाभा पाण्याची वाफ ओढून घेतो. हवेतील आर्द्रता ६५ टक्के व तापमान २० अंश सेंटिग्रेड असताना कोरड्या लोकरीत तिच्या वजनाच्या सुमारे १६ टक्के पाणी मुरलेले असते. तशाच हवेत कापसात ते ७ ते ८ टक्के, तर पॉलिएस्टरमध्ये अर्ध्या टक्क्याहूनही कमी असते. अतिशय दमट हवेत लोकर आपल्या वजनाच्या सुमारे एक तृतीयांश पाणी वाफेच्या रूपाने सामावून घेते आणि तरीही हातास ओली लागत नाही. वाफ शोषली जात असताना लोकरीतून थोडी उष्णताही बाहेर पडते.

लोकर वास कसा धरून ठेवते

घामाची वाफ ज्या मार्गाने गाभ्यात शिरते त्याच मार्गाने वासाची द्रव्येही शिरतात. केराटिन अनेक प्रकारच्या ॲमिनो आम्लांपासून बनलेले असते. त्यांपैकी काहींचा स्वभाव आम्लधर्मी, तर काहींचा अल्कधर्मी असतो. त्यामुळे घामातील आम्ले काय किंवा अमोनियासारखी द्रव्ये काय, दोहोंनाही धरून ठेवण्यास लोकरीत जागा मिळते. गाभ्यात अडकलेले द्रव्य हवेत सहज उडत नाही. ते नाकापर्यंत पोहोचले नाही म्हणजे वासही येत नाही. कपडा धुतला असता यांपैकी बराचसा भाग पाण्याबरोबर निघून जातो.

पॉलिएस्टरची स्थिती याहून वेगळी आहे. त्याच्या तंतूत पाणी शिरत नाही. मात्र तेलकट द्रव्यांशी त्याची जवळीक मोठी असते. घामातील पाणी उडून जाते व स्निग्ध अंश तंतूच्या पृष्ठभागावर साचतो. तेथे जंतूंस खाद्य मिळते आणि त्यातून निघणारी वासाची द्रव्ये पृष्ठभागावरच असल्याने लगेच हवेत मिसळतात. तेलकट अंश साध्या धुण्याने पुरता निघत नाही. म्हणूनच धुतलेला कपडा पुन्हा अंगात घालून थोडा घाम येताच जुना वास परत येतो.

प्रयोगांतून काय आढळले

न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठातील संशोधकांनी २००७ साली या विषयावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. लोकर, कापूस व पॉलिएस्टर यांची विणलेली कापडे माणसांच्या काखेलगत वापरण्यात आली आणि नंतर वास घेऊन पारख करणाऱ्या लोकांकडून त्यांची तपासणी करविण्यात आली. पॉलिएस्टरला सर्वांत तीव्र, लोकरीला सर्वांत सौम्य व कापसाला मधल्या प्रतीचा वास असल्याचे दिसून आले. त्याचबरोबर कापडावरील जंतूंचीही मोजणी करण्यात आली. जंतूंची संख्या व वासाची तीव्रता यांचा सरळ मेळ बसला नाही. लोकरीवर जंतू जिवंत होते, तरी वास कमी होता.

बेल्जियममधील गेंट विद्यापीठाने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २६ माणसांनी जोराचा व्यायाम केल्यानंतरचे सुती व पॉलिएस्टरचे सदरे तपासण्यात आले. पॉलिएस्टरचे सदरे अधिक अप्रिय वासाचे ठरले आणि मायक्रोकोकस नावाचे जंतू त्यांवर विशेष वाढलेले आढळले. वासाचा प्रश्न माणसाच्या घामाप्रमाणेच कापडाच्या धाग्यावरही अवलंबून असतो, हे यावरून स्पष्ट होते.

लोकर जंतू मारते, हा गैरसमज

लोकरी कपडे विकताना, लोकर निसर्गतः जंतुनाशक आहे, असे पुष्कळदा सांगितले जाते. वरील निष्कर्ष पाहता हे विधान जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. लोकर जंतूंचा नाश करीत असल्यामुळे वास येत नाही, असे नसून ती वासाची द्रव्ये स्वतःत साठवून ठेवते म्हणून तो कमी येतो. हा भेद व्यवहारात महत्त्वाचा आहे. ज्या वस्त्रास वास नाही ते स्वच्छ आहेच असे मानता येत नाही. खरूज, नायटा किंवा जखम झालेल्या माणसाचे लोकरी वस्त्र वास येत नाही म्हणून दुसऱ्याने वापरणे धोक्याचे आहे.

लोकरीच्या या साठवणशक्तीसही सीमा आहे. दीर्घकाळ न धुतलेल्या लोकरी सदऱ्यासही अखेर वास येतोच. शिवाय भिजलेल्या लोकरीस स्वतःचा असा एक वास असतो, तो घोंगडी वापरणाऱ्या प्रत्येकास परिचित आहे. बारीक लोकरीचे पातळ कापड पॉलिएस्टरपेक्षा उशिरा वाळते व घर्षणाने लवकर विरते. लोकरीत कृत्रिम धागा मिसळल्यास टिकाऊपणा वाढतो, परंतु वास धरून ठेवण्याचा गुण मिश्रणाच्या प्रमाणात कमी होतो.

या गुणास किंमत कशी आली

ऑस्ट्रेलिया हा मेरिनो लोकरीचा प्रमुख देश होय. तेथे मेंढपाळांस लोकरीचा किमान भाव मिळावा म्हणून न विकलेली लोकर खरेदी करून साठविण्याची योजना होती. कृत्रिम धाग्यांची स्पर्धा व घटलेली मागणी यांमुळे साठा वाढत जाऊन ४० लाख गासड्यांच्या वर गेला आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये ही योजना बंद करावी लागली. लोकरीचे भाव कोसळले व अनेक मेंढपाळ अडचणीत आले.

याच दशकात, १९९५ साली, न्यूझीलंडमध्ये जेरेमी मून या तरुणाने आइसब्रेकर नावाची कंपनी सुरू केली. एका मेंढपाळाने त्यास मेरिनो लोकरीचा अंगालगत घालावयाचा सदरा दाखविला होता आणि त्यावरून त्याला ही कल्पना सुचली. डोंगर चढणारे व स्कीइंग करणारे लोक हे गिऱ्हाईक त्याने पुढे ठेवले. वास न येणे, न टोचणे व ऊब देणे हे गुण सांगून माल विकला आणि पुढे मेंढपाळांशी थेट करार करून ठराविक प्रतीची लोकर घेण्यास आरंभ केला. मेंढी तीच होती व लोकरही तीच होती. तिचा नेमका गुण ओळखून त्या गुणाची गरज असलेल्या गिऱ्हाइकापर्यंत ती पोहोचविली गेली, हा बदल झाला.

तंतूची जाडी आणि दख्खनी लोकर

अंतर्वस्त्रासाठी लोकर किती बारीक हवी, हा यातील कळीचा मुद्दा आहे. लोकरीची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. स्कीइंगच्या अंतर्वस्त्रांस साधारणतः १७ ते १९ मायक्रॉन जाडीची मेरिनो लोकर वापरली जाते. सुमारे ३० मायक्रॉनपेक्षा जाड तंतूचे टोक त्वचेवर वाकत नाही, ते टोचते. अशा जाड तंतूंचे प्रमाण शंभरात पाचापेक्षा अधिक झाल्यास कापड अंगास खाजू लागते.

आपल्या दख्खनी मेंढीची लोकर मेरिनोच्या सुमारे दुप्पट किंवा त्याहूनही अधिक जाड असते. तीत पोकळ गाभ्याचे केसाळ तंतूही पुष्कळ असतात. तिचा रंग बहुधा काळा किंवा काळा-पांढरा मिश्र असतो. केराटिन दोन्हींत तेच असल्यामुळे ओल व वास शोषण्याचा मूळ स्वभाव दख्खनी लोकरीतही आहे. परंतु जाडीमुळे ती उघड्या अंगालगत घालण्यास चालत नाही. तिची जागा घोंगडी, जेन, आसन, गालिचा अशा वस्तूंत आहे. तेथे तिचा राठपणा हा दोष न राहता टिकाऊपणाचे कारण बनतो.

मेरिनोचा मेंढा आणून आपल्या कळपात सोडला म्हणजे बारीक लोकर मिळू लागेल, असा विचार काही मेंढपाळांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. काश्मीरमध्ये गद्दी, भाकरवाल व पूंछी या स्थानिक जातींशी मेरिनोचा संकर करून काश्मीर मेरिनो ही जात तयार करण्यात आली आहे. राजस्थानात अविकानगर येथे १९६२ साली स्थापन झालेल्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेत भारत मेरिनो ही जात विकसित झाली. ही कामे अनेक पिढ्यांची निवड, चाऱ्याची सोय व पशुवैद्यकीय देखरेख यांखाली झालेली आहेत. दख्खनी मेंढी दुष्काळी माळावर चरते, शेकडो मैल चालते व कडक ऊन सोसते. हे गुण घालवून लोकर मिळविणे मेंढपाळास परवडणारे नाही. यास्तव एकट्याने असा प्रयोग करू नये.

आज पुष्कळ ठिकाणी कातरणीची मजुरीदेखील लोकरीच्या विक्रीतून सुटत नाही व कातरलेली लोकर रानातच टाकून दिली जाते. मांसासाठी जत भागातील माडग्याळसारख्या, अंगावर लोकर फारशी नसलेल्या मेंढ्यांकडे ओढा वाढत आहे. तो मेंढपाळाच्या हिशेबाने चूक म्हणता येणार नाही. परंतु जो दख्खनी कळप राखून आहे त्याने लोकर फेकून देण्यापूर्वी ती कोणत्या कामाची आहे व कोणत्या कामाची नाही, हे जाणून घेणे हिताचे आहे.

मेंढपाळांनी घ्यावयाची काळजी

१. कातरणीपूर्वी मेंढ्या वाहत्या किंवा स्वच्छ पाण्यात धुवाव्यात व अंग पूर्ण वाळल्यावरच कातराव्यात. ओली लोकर बांधून ठेवल्यास ती पिवळी पडते, कुजते व तिला कुबट वास येतो. वास शोषण्याचा लोकरीचा गुण येथे उलट बाधतो, कारण साठवणीतील मूत्राचा, धुराचा व बुरशीचा वासही ती धरून ठेवते.

२. कातरणी स्वच्छ, सारवलेल्या जागी किंवा ताडपत्रीवर करावी. शेणकट, काटेरी व पोटाखालची लोकर वेगळी ठेवावी.

३. काळी, पांढरी व मिश्र अशी रंगवार प्रतवारी करावी. एकाच रंगाची लोकर सणगरास कामास सोपी जाते.

४. एकाच जागी दोनदा कातर चालवू नये. त्यामुळे तंतू आखूड होतात व सूत कमजोर निघते.

५. पावसाळी हवेत लोकरीचे वजन ओल शोषून वाढते व कोरड्या हवेत घटते. विकणारा व घेणारा या दोघांनीही व्यवहार करताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी, म्हणजे वजनाबाबत तंटे होणार नाहीत.

लोकरी कपड्यांची निगा

घाम आलेले लोकरी वस्त्र वापरानंतर गुंडाळून न ठेवता सावलीत वाऱ्यावर पसरावे. ओल उडून जाताना वासाचाही काही अंश निघून जातो. धुताना थंड किंवा कोमट पाणी व सौम्य साबण वापरावा. धुण्याचा सोडा केराटिनाचे नुकसान करतो, तर क्लोरीनयुक्त विरंजक चूर्णाने लोकर नासते. कडक पाणी व जोराने घासणे टाळावे. तसे केल्यास खवले एकमेकांत अडकून वस्त्र आटते. पिळण्याऐवजी दाबून पाणी काढावे व वस्त्र आडवे पसरून वाळवावे. साठवणीपूर्वी ते धुतलेले व कोरडे असणे आवश्यक आहे, कारण कसर प्रथम घामाने व तेलाने मळलेल्या लोकरीस लागते.

गावात दाखविता येण्याजोगी प्रात्यक्षिके

गावपातळीवरील कार्यकर्त्यांस पुढील दोन प्रात्यक्षिके अल्प साधनांत करता येतील.

पहिले : स्वच्छ धुतलेली लोकर व तेवढ्याच वजनाचे पॉलिएस्टरचे कापड उन्हात चांगले वाळवून तराजूच्या दोन पारड्यांत समतोल करावे. नंतर दोन्ही रात्रभर पाण्याच्या पातेल्याशेजारी, पाणी न लागेल अशा रीतीने, झाकून ठेवावीत. सकाळी पुन्हा तोलले असता लोकरीचे पारडे खाली गेलेले दिसेल, तरी हातास ती ओली लागणार नाही.

दुसरे : लोकरीचा धागा चिमट्यात धरून ज्योतीजवळ न्यावा. तो केस जळाल्यासारखा वास देतो, ज्योत दूर करताच बहुधा विझतो व त्याची राख बोटांनी चुरडली जाते. पॉलिएस्टरचा धागा वितळून त्याचा कठीण मणी बनतो. लोकर म्हणून विकले जाणारे कापड खरोखर लोकर आहे किंवा नाही, हे यावरून ओळखता येते. हा प्रयोग मुलांपासून दूर व पाण्याचे भांडे जवळ ठेवून करावा.

गुलमर्गच्या उतारावरील जवान आणि माणदेशातील माळावरचा धनगर यांच्या अंगावरील वस्त्रे वेगळी असली तरी दोहोंचा तंतू मेंढीच्याच अंगावर वाढतो आणि एकाच प्रथिनाचा बनलेला असतो. आपल्या लोकरीचा अंतर्वस्त्रासाठी उपयोग होणार नाही, हे ओळखून तिला योग्य अशा वस्तू निवडणे, ती स्वच्छ व कोरडी राखणे आणि प्रतवारी करून विकणे, हा मार्ग आज मेंढपाळास खुला आहे. येत्या कातरणीपासून निदान रंगवार प्रतवारी व कोरडी साठवण या दोन गोष्टी प्रत्येक कळपात सुरू व्हाव्यात, यासाठी कार्यकर्त्यांनी प्रयत्न करावा.